हिशेब नेमका कुठे चुकला?

१. यंत्र स्वतःची चूक का सांगत नाही

संगणकाशी फारसा संबंध नसलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, आणि तो रास्त आहे. यंत्र जर सांगितलेलेच करते, सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी न थकता करते, तर उत्तर चुकल्यावर ‘कुठे चुकले’ हे त्यालाच का विचारता येत नाही? प्रोग्रॅम लिहिणारी माणसे दिवसचे दिवस चूक शोधत का बसतात?

या प्रश्नाचे उत्तर चुकांच्या दोन जातींमध्ये आहे. पहिली जात व्याकरणाची. कंस उघडला आणि बंद केला नाही, आदेशाचे स्पेलिंग चुकले, तर यंत्र लगेच अडते आणि कोणत्या ओळीवर अडले तेही सांगते. ही चूक फार छळत नाही. दुसरी जात हेतूची. लिहिलेली प्रत्येक ओळ व्याकरणाने शुद्ध असते, यंत्र ती तंतोतंत पाळते, प्रोग्रॅम शेवटापर्यंत सुरळीत चालतो आणि उत्तर मात्र चुकीचे येते. इथे यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. ‘भागाकार करून अपूर्णांक टाकून दे’ असे लिहिले होते, त्याने टाकून दिला. अपूर्णांक हवा होता हे लिहिणाऱ्याच्या मनात होते, कागदावर कुठेच नव्हते. चूक म्हणजे हवे होते ते आणि घडले ते यांतले अंतर. यंत्राला त्यातली एकच बाजू माहीत असते, म्हणून ते अंतर त्याला दिसत नाही.

मात्र जी बाजू त्याला माहीत आहे ती त्याच्याकडून वदवून घेता येते. अमुक ओळीपाशी पोहोचल्यावर तुझ्याजवळ कोणता आकडा होता, एवढे ते नक्की सांगू शकते. हे वदवून घेण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमच्या मध्ये एक जादा ओळ टाकणे: हा आकडा पडद्यावर छाप. बहुतेक भाषांमध्ये या आदेशाचे नाव प्रिंट किंवा त्याच्या जवळपासचे असते. प्रोग्रॅमर मंडळींच्या बोलण्यात ‘जरा प्रिंट टाकून बघ’ हे वाक्य रोजचे आहे. तरीही या पद्धतीकडे नवशिक्याची कामचलाऊ युक्ती म्हणून पाहिले जाते. तो समज चुकीचा आहे, असे माझे मत आहे. विचारपूर्वक टाकलेली प्रिंटची ओळ हा एक छोटा, नेमका प्रयोग असतो. त्या प्रयोगाची किंमत छापलेल्या आकड्यावर ठरत नाही. तो आकडा किती यायला हवा हे आधी ठरवले होते की नाही, यावर ठरते.

२. वाहत्या पाण्यातली खूण

प्रोग्रॅम म्हणजे एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या. प्रत्येक पायरी मागून आलेला आकडा घेते, त्यावर काहीतरी करते आणि पुढे देते. मधले आकडे ज्या नावांनी साठवले जातात त्यांना व्हेरिएबल म्हणतात: ‘वजन’, ‘दर’, ‘रक्कम’ अशी नावे दिलेल्या जागा, ज्यांतला आकडा प्रोग्रॅम चालताना बदलत राहतो. आपल्याला बाहेरून फक्त दोन टोके दिसतात, सुरुवातीला दिलेली माहिती आणि शेवटी आलेले उत्तर. मधला प्रवाह झाकलेला असतो.

नाशिककरांना अशा प्रवाहाची कल्पना वेगळी समजावून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की शहरात तीन ठिकाणचा हवाला दिला जातो. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला, होळकर पुलाखालून किती क्युसेक वाहते आहे, आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत. ही मूर्ती पूर अडवत नाही आणि पाणी वळवतही नाही. ती प्रवाहात एका ठरलेल्या जागी उभी आहे, आणि कोणत्या पातळीचा अर्थ काय हे घाटावरच्या लोकांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. कमरेला पाणी लागले की कोणती दुकाने हलवायची, हे ठरलेले असते.

यापेक्षाही उपयोगी गोष्ट तीन मोजमापे एकत्र ठेवल्यावर कळते. धरणातून सोडलेल्या पाण्याला खाली पोहोचायला लागणारा वेळ जमेस धरूनही पुलाखालचा विसर्ग धरणाच्या विसर्गापेक्षा बराच जास्त भरला, तर जादा पाणी धरण आणि पूल यांच्या मधल्या पट्ट्यात पडलेल्या पावसाचे आहे, हे घरबसल्या सांगता येते. नदीकाठ पायी तुडवायची गरज नाही. वरच्या ठिकाणी अपेक्षेइतके, खालच्या ठिकाणी अपेक्षेबाहेर, म्हणजे कारण त्या दोहोंच्या मध्ये. प्रिंटने चूक शोधणे म्हणजे एवढाच तर्क पुनःपुन्हा वापरणे. तो आकड्यांवर कसा चालतो ते पाहू.

३. एका हिसाबपट्टीची तपासणी

उदाहरण कांद्याचे घेऊ. निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन येतो, लिलावात क्विंटलमागे दर ठरतो, भुईकाट्यावर भरलेल्या गाडीचे आणि माल उतरवल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि शेवटी हातात हिसाबपट्टी पडते. हा हिशेब करणारा एक छोटा प्रोग्रॅम आपण कल्पनेने लिहू. त्यातले दर आणि कपात समजावण्यापुरत्या धरलेल्या आहेत. खऱ्या प्रोग्रॅममध्ये आदेश इंग्रजी लिपीत असतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून सगळे नागरीत लिहितो.

निव्वळ = भरलेले − रिकामे
क्विंटल = निव्वळ ÷ १००
रक्कम = क्विंटल × दर
कपात = क्विंटल × १०
देय = रक्कम − कपात

भरलेल्या गाडीचे वजन ५,४८० किलो, रिकाम्या गाडीचे २,२३० किलो, दर क्विंटलला १,८०० रुपये, आणि हमाली-तोलाई मिळून क्विंटलला १० रुपये धरू. प्रोग्रॅम सांगतो, देय ५७,२८० रुपये. शेतकऱ्याने हाताने मांडलेला हिशेब मात्र ५८,१७५ रुपये येतो. फरक ८९५ रुपयांचा. या ८९५ कडे कितीही टक लावून पाहिले तरी त्यातून कारण उलगडत नाही. तो ना एखाद्या दराचा आकडा आहे, ना कपातीचा. शेवटच्या उत्तरावरून मागे अंदाज बांधत जाणे बहुधा वाया जाते, ते यामुळेच.

आता मधोमध एक ओळ टाकू: प्रिंट(‘रक्कम, रुपये:’, रक्कम). पण प्रोग्रॅम चालवण्याआधी कागदावर लिहून ठेवू की इथे ५८,५०० यायला हवेत, कारण साडेबत्तीस क्विंटल गुणिले १,८०० म्हणजे तेवढेच. प्रोग्रॅम छापतो ५७,६००. या एका आकड्याने बरेच काही ठरले. आपण जिचा माग काढतो आहोत ती चूक रक्कम ठरण्याच्या आधीच घडलेली आहे. खालच्या दोन ओळींकडे सध्या पाहायला नको. आता प्रिंट एक पायरी वर सरकवू. क्विंटल किती? अपेक्षा ३२.५, छापले गेले ३२. आणखी एक पायरी वर: निव्वळ किती? अपेक्षा ३,२५०, छापले गेले ३,२५०. वरच्या ठिकाणी बरोबर, खालच्या ठिकाणी चूक, आणि मध्ये फक्त एक भागाकार. अर्धा क्विंटल तिथेच गळाला.

हे घडते कसे? अनेक भाषांमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच मिळते आणि उरलेला भाग निमूटपणे टाकला जातो. सी भाषेत आजही तसेच आहे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत ३,२५० भागिले १०० हे ३२ येत असे. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच चिन्हाने ३२.५ येऊ लागले. एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हा भागाकार वर्षानुवर्षे राहू शकतो, कारण तो प्रत्येक गाडीला दिसत नाही. निव्वळ वजन नेमके ३,२०० किलो भरले तर उत्तर बिनचूक येते. म्हणून तपासणीला गोल आकडे घेऊ नयेत. ज्यात अर्धे-पाव उरते अशी गाडी घ्यावी. आणि ८९५ चा उलगडाही आता होतो: क्विंटलला १,८०० रुपयांतून १० वजा केले की १,७९०, त्याचे अर्धे ८९५.

एक बारकावा इथे सोडता येत नाही. रक्कम आधीच चुकलेली निघाली म्हणून कपातीची ओळ निर्दोष ठरली, असे म्हणता येत नाही. तिच्यात दुसरी चूक लपलेली असू शकते. एवढेच सिद्ध झाले की पहिली चूक तिच्या वर आहे. म्हणून भागाकार सुधारल्यावर प्रोग्रॅम पुन्हा चालवून देय ५८,१७५ येते का, हे पाहिल्याशिवाय काम संपत नाही.

पाच ओळींच्या प्रोग्रॅमला एवढा खटाटोप जास्त वाटेल. खरा लाभ प्रोग्रॅम लांब झाल्यावर दिसतो. हजार पायऱ्या एकामागून एक असतील तर पहिली प्रिंट पाचशेव्या पायरीपाशी टाकायची. आकडा बरोबर असेल तर चूक खालच्या पाचशेत, चूक असेल तर वरच्या पाचशेत. पुढची प्रिंट उरलेल्या भागाच्या मध्यावर. दर वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे होते: पाचशे, अडीचशे, सव्वाशे. एकाला दोनाने दहा वेळा गुणले की १,०२४ होतात, म्हणून हजार पायऱ्यांत दहा प्रिंट पुरतात. अट एकच, आणि ती कठीण आहे: मधल्या प्रत्येक थांब्यावर कोणता आकडा बरोबर, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

४. आधी अपेक्षा, मग आकडा

या अटीकडे दुर्लक्ष झाले की प्रिंटची पद्धत खरोखरच कामचलाऊ होते. दिसेल तिथे प्रिंट टाकायचे, पडदा आकड्यांनी भरून टाकायचा आणि त्यात डोळ्याला काही खटकते का ते शोधायचे, असे पुष्कळ जण करतात. मनात अपेक्षा नसेल तर ३२ हा आकडा कुणालाच खटकत नाही. तो साधा, सभ्य आकडा आहे. ‘इथे ३२.५ हवे’ असे आधी ठरवलेल्या माणसाला मात्र तो तत्काळ दिसतो. एरवी मन आलेल्या आकड्याला सोयीची कारणे शोधून देते. कागदावर लिहिलेली अपेक्षा मनाला ती पळवाट ठेवत नाही.

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात ही शिस्त परिस्थितीनेच लावली होती. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला, आणि काही आठवड्यांतच विल्क्स यांच्या लक्षात आले की आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये एडसॅकवरच्या चुकांच्या निदानाविषयी निबंध लिहिला. त्या यंत्रावर दोन वाटा होत्या. प्रोग्रॅम थांबल्यानंतर स्मृतीत काय उरले ते छापून पाहणे, ज्याला तेव्हाही पोस्टमॉर्टेम म्हणत. आणि प्रोग्रॅम चालत असतानाच कोणता आदेश पाळला गेला ते छापत जाणे. दुसरी वाट म्हणजे आजच्या प्रिंटची थेट पूर्वज. पण एडसॅकचे छपाईयंत्र टेलिप्रिंटर होते, गणनेच्या मानाने अतिशय संथ. सगळेच छापणे परवडण्यासारखे नव्हते. काय छापायचे हे विचार करूनच ठरवावे लागे.

महाराष्ट्रातला अनुभवही वेगळा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला, आणि १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशभरातल्या संस्थांचे संशोधक त्यावर आपली गणिते सोडवून घेत. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील कागद हाती येण्याची वाट पाहायची, अशी ती रीत होती. यंत्रासमोर बसून प्रोग्रॅम मध्येच थांबवून पाहण्याची सोय सामान्य वापरकर्त्याला नव्हती. मधले आकडे हवे असतील तर छपाईचे आदेश आधीच गठ्ठ्यात घालावे लागत, आणि नेमका हवा तो आकडा छापायचा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून रांग. आज तीच प्रिंट एका सेकंदात होते. ती स्वस्त झाली हे उत्तम झाले, पण आधीचा विचार त्याबरोबर स्वस्त झाला नाही. सी भाषेवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे एक लेखक ब्रायन कर्निघन यांनी १९७९ मध्ये युनिक्सची तोंडओळख करून देताना चुका शोधण्याच्या साधनांत पहिला मान काळजीपूर्वक विचाराला दिला होता आणि प्रिंटला त्याची जोड मानले होते. तो क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

५. छापलेला आकडाही फसवतो

पडद्यावर दिसले ते खरे, असा समज करून घेणेही धोक्याचे आहे. प्रिंट आपल्याला आकडा दाखवत नाही, आकड्याचे माणसाला वाचता येईल असे रूप दाखवते, आणि त्या रूपांतरात काही गोष्टी हरवतात.

सर्वांत जास्त छळणारा प्रकार असा. लिलावातला सर्वोच्च दर शोधायचा आहे. दर एका फाइलमधून वाचले: ९५०, १८००, १४२०. प्रोग्रॅम म्हणतो, सर्वोच्च दर ९५०. प्रिंट टाकून पाहिले तर तिन्ही दर बरोबर छापले जातात. मग तुलना चुकते कुठे? फाइलमधून वाचलेली गोष्ट यंत्रासाठी संख्या नसते, अक्षरांची ओळ असते, आणि अक्षरांची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते. ९ हा अंक १ च्या नंतर येतो, म्हणून ‘९५०’ हा ‘१८००’ पेक्षा मोठा ठरतो. छापल्यावर संख्या आणि अक्षरे हुबेहूब सारखी दिसतात. पायथॉनमध्ये यासाठी रेपर नावाची सोय आहे. ती वापरून छापले की अक्षरांभोवती अवतरणचिन्हे दिसतात आणि भेद उघडा पडतो. शब्दाच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागाही तशीच पकडली जाते. ‘लासलगाव’ आणि ‘लासलगाव ’ हे यंत्राला दोन वेगळे गाव वाटतात. नुसत्या प्रिंटमध्ये डोळ्याला ते एकच.

दुसरा प्रकार एककाचा. ‘३२५०’ एवढेच छापले तर ते किलो की रुपये, हे दोनशे ओळींनंतर कुणालाच आठवत नाही. म्हणून प्रत्येक प्रिंटमध्ये नाव आणि एकक लिहावे. ही क्षुल्लक टापटीप नाही. अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी गमावले गेले, कारण जमिनीवरचा एक प्रोग्रॅम इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होता आणि ते वाचणारा दुसरा प्रोग्रॅम त्यांना न्यूटन-सेकंद समजत होता. दोहोंत जवळपास साडेचार पटींचा फरक. आकडे रोज पुढे जात होते आणि दिसायला ठीकच होते. त्यांच्यामागचे एकक हिशेबात कुठेच तपासले गेले नाही.

तिसरी फसगत वेळेची. छपाई संथ असते, म्हणून यंत्र छापायचा मजकूर आधी स्मृतीतल्या एका तात्पुरत्या जागेत साठवते आणि पुरेसा जमला की एकदम लिहिते. या जागेला बफर म्हणतात. पडद्यावर छापताना सहसा प्रत्येक ओळ लगेच दिसते, पण तोच मजकूर फाइलमध्ये पाठवला की तो मोठ्या घासांनी लिहिला जातो. मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम सक्तीने बंद केला गेला, तर बफरमधल्या ओळी कुठेच उमटत नाहीत. पाहणारा समजतो, प्रोग्रॅम चाळिसाव्या गाडीपाशी पडला. खरे तर तो साठाव्या गाडीपर्यंत पोहोचलेला असतो. पुढचा सगळा शोध मग चुकीच्या जागी होतो. यावर उपाय सोपा आहे: छापल्याबरोबर बफर रिकामा कर, असे सांगणारा फ्लश हा आदेश सोबत द्यायचा.

६. डीबगर असताना हे कशाला?

जाणकारांचा मुख्य आक्षेप असा की चूक शोधण्यासाठीच बनवलेले डीबगर नावाचे साधन असताना प्रिंट टाकत बसणे मागासलेपणाचे आहे. डीबगरमध्ये आपण एखाद्या ओळीवर खूण करतो, प्रोग्रॅम तिथे थांबतो, आणि त्या क्षणी सगळ्या व्हेरिएबलमध्ये काय आहे, कोणत्या भागाने कोणत्या भागाला बोलावले, हे समोर दिसते. प्रिंटला आधी प्रश्न ठरवावा लागतो. डीबगरमध्ये थांबल्यावर प्रश्न सुचत जातात. शिवाय मोठ्या प्रोग्रॅमला प्रत्येक नव्या प्रिंटनंतर पुन्हा बांधून चालवायला बराच वेळ लागतो. हे सगळे खरे आहे, आणि अनोळखी प्रोग्रॅममध्ये शिरताना मी डीबगरचाच सल्ला देईन.

पण डीबगर एक क्षण दाखवतो आणि प्रिंट इतिहास दाखवते. दिवसभरात बाराशे ट्रॉल्यांचा हिशेब झाला आणि त्यांतल्या तीन चुकल्या, तर प्रत्येक ट्रॉलीपाशी थांबून पाहणे शक्य नाही. बाराशे ओळी एका फाइलमध्ये छापल्या की चुकलेल्या तिघींमध्ये समान काय, हे नजरेखालून घालता येते. त्याहून चांगले म्हणजे प्रिंटलाच अट घालणे: क्विंटल गुणिले १०० आणि निव्वळ वजन यांत अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला तरच छाप. आता मनातली अपेक्षा कागदावरही राहिली नाही. ती प्रोग्रॅममध्येच लिहिली गेली आणि यंत्र स्वतः ती तपासू लागले. पहिल्या भागात म्हटले होते की यंत्राला फक्त एक बाजू माहीत असते. अशा ओळीने दुसऱ्या बाजूचा एक तुकडा त्याला दिला जातो.

शिवाय चालू कामातला प्रोग्रॅम थांबवता येत नाही. लिलाव सुरू असताना बाजार समितीचा सर्व्हर एका ओळीवर गोठवून ठेवला तर आवारात रांग लागेल. डीबगर बनवणाऱ्यांनाही ही गरज पटलेली दिसते. जीडीबी या जुन्या डीबगरमध्ये डीप्रिंटएफ नावाचा आदेश आहे आणि व्हीएस कोडमध्ये लॉगपॉइंटची सोय आहे. दोन्हींचे काम एकच, प्रोग्रॅम न थांबवता आणि त्याची मूळ ओळ न बदलता मधला आकडा छापणे.

७. छापण्यानेच चूक लपते तेव्हा

प्रिंटवरचा खरा गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. प्रिंट प्रवाहात काहीही बदलत नाही, हे गृहीत नेहमी खरे नसते. ती वेळ घेते.

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये गर्दी मोजण्यासाठी पावलांचा दाब ओळखणाऱ्या चटईचा प्रयोग झाला होता. त्यावरून एक पूर्णपणे काल्पनिक प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणू. दोन प्रवेशद्वारांवरचे दोन मोजणारे भाग एकाच एकूण आकड्यात भर घालतात. प्रत्येक भाग तीन कामे करतो: एकूण वाचतो, त्यात एक मिळवतो, परत लिहितो. एकूण ५०० असताना दोघांनी एकाच क्षणी वाचले, तर दोघांच्याही हाती ५०० येतात, दोघेही ५०१ लिहितात, आणि आत गेलेल्या दोन माणसांपैकी एक हिशेबातून गळतो. ही चूक दोघे नेमके एका वेळी आले तरच घडते. आता शोधासाठी पहिल्या भागात प्रिंट टाकली, तर तो भाग किंचित रेंगाळतो, गाठ पडण्याची वेळ टळते आणि मोजणी अचूक येऊ लागते. प्रिंट काढली की चूक पुन्हा हजर. कधी उलटही होते आणि प्रिंटमुळे नसलेली गाठ पडते.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तेव्हापासून अनेक प्रोसेसरांनी एकत्र काम करण्याची पद्धत आपल्याकडे रुळली, आणि आज खिशातल्या फोनमध्येही अनेक गाभे एकाच वेळी चालतात. म्हणून ही अडचण महासंगणकापुरती राहिलेली नाही. अशा ठिकाणी पडद्यावर ओळी ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने घटना घडल्या, असे मानता येत नाही. दोन भागांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. प्रत्येक ओळीसोबत कोणत्या भागाने आणि कोणत्या क्षणी छापले हे लिहिले तर थोडी मदत होते. संथ छपाईऐवजी आकडे स्मृतीत साठवून नंतर सावकाश छापले तर अडथळा कमी होतो. तरीही प्रिंट टाकल्यावर चूक नाहीशी झाली, तर ते सुटल्याचे लक्षण मानू नये. चूक वेळेच्या गाठीत आहे, हा त्यातून मिळालेला पुरावा मानावा आणि एकूण आकड्याला एका वेळी एकानेच हात लावावा अशी तजवीज आहे का, ते तपासावे.

८. पुसायचे काय, ठेवायचे काय

चूक सापडल्यावर टाकलेल्या प्रिंट तशाच राहिल्या तर प्रोग्रॅम वाचणाऱ्याला त्या अडगळ होतात, हा आक्षेप मान्य करावाच लागतो. शोधापुरत्या टाकलेल्या ओळी काम झाल्यावर काढाव्यात. पण त्यांतल्या काही ओळी पुढेही उपयोगी पडणार असतात. त्यांच्यासाठी लॉग नावाची शिस्तबद्ध सोय असते: प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का आणि महत्त्वाची पायरी, म्हणजे ही फक्त तपासणीची, ही माहितीची, ही धोक्याची. रोजच्या कामात तपासणीच्या ओळी बंद ठेवता येतात आणि गरज पडली की प्रोग्रॅमला हात न लावता सुरू करता येतात. पायथॉनमध्ये ही सोय २००३ पासून भाषेसोबतच मिळते.

लॉगमध्ये काय जाऊ नये, याचा विचार मात्र जास्त काळजीने व्हायला हवा. मे २०१८ मध्ये ट्विटरला आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगावे लागले, कारण पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्याआधीच कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. कुणी चोरी केल्याचे आढळले नव्हते, पण मजकूर तिथे पडून होता. आपल्या हिसाबपट्टीच्या प्रोग्रॅममध्ये शेतकऱ्याचा मोबाइल, बँक खाते आणि आधार क्रमांकही असू शकतो. सगळी पट्टी जशीच्या तशी छापून टाकणारी एक आळशी ओळ ते सगळे एका साध्या फाइलमध्ये नेऊन ठेवते, आणि ती फाइल दुरुस्तीसाठी कुणाकुणाच्या हाती जाते. चूक शोधायला खाते क्रमांक कधीच लागत नाही. पट्टी क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, क्विंटल, दर, कपात आणि देय, एवढ्या सात गोष्टी पुरतात. दोन महिन्यांनी एखादा शेतकरी पट्टी घेऊन आला आणि माझे अर्धे क्विंटल कुठे गेले असे विचारू लागला, तर खिडकीमागच्या माणसाला त्या एका ओळीवरून त्याला पायरी-पायरीने हिशेब दाखवता येतो.